कारखान्याचं गुपित माणसाबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून: सोलापूरच्या कारखानदारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

डाईंग मास्तर नोकरी सोडतो. महिन्याभरात दुसऱ्या कारखान्यातून हुबेहूब आपल्याच रंगाचे टॉवेल निघायला लागतात आणि दहा वर्षांची जुनी पार्टी किलोमागे दोन रुपये कमी भावाने तिकडे वळते. मालक वकिलाकडे धावतात. वकील विचारतात, "मालक, रेसिपी कुठे लिहिलेली होती? कुणाकुणाला माहीत होती? ती गुप्त आहे असं मास्तरला कधी लेखी कळवलं होतं का?" तिन्ही प्रश्नांवर मालक गप्प.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आणि पूर्व भागातल्या लहान कारखान्यांच्या ऑफिसची घडी बसवून देणं हे माझं काम. हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे की चूक नेमकी कुठे होते हे आता सांगता येतं. लोक काहीच करत नाहीत असं नाही. ते उलट्या क्रमाने करतात. आधी कॅमेरे बसवतात, मग कुणाकडून तरी आणलेल्या बॉण्डवर सह्या घेतात, आणि गुप्त काय आहे ते कधीच ठरवत नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे, कारण व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ वा अहवाल देऊन कायद्याचा मसुदा सुचवला, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. आज कोर्ट संरक्षण देतं ते करार आणि विश्वासभंग यांच्या आधारावर, आणि आधी एवढंच बघतं की मालकाने स्वतः ती माहिती गुपितासारखी जपली होती का.

सुरुवातीची तयारी

दोन आठवडे वेळ काढा. एक वही, कामगारांची आणि बाहेरच्या माणसांची यादी, आणि रोज सकाळचा एक तास पुरेसा आहे. हे काम मालकाने स्वतः करायचं. दिवाणजींवर सोपवलं तर पहिल्याच दिवशी सगळी गुपितं एका ठिकाणी गोळा करून एकाच माणसाच्या हातात दिल्यासारखं होईल.

टप्पा १: गुप्त काय आहे ते ठरवा

सुताच्या गोडाऊनपासून डिस्पॅचपर्यंत कारखान्यात पायी फिरा. प्रत्येक खात्यात थांबून तीन प्रश्न विचारा. ही माहिती बाजारात सहज मिळते का? ती गुप्त असल्यामुळे मला पैसे मिळतात का? ती गुप्त राहावी म्हणून मी आज काही करतो का? जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातल्या ३९ व्या कलमाच्या कसोट्याही याच आहेत.

इथे मालकांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. टॉवेल बाजारात गेला की तो कुणीही विकत घेऊन उसवू शकतो. पिकग्लास (भिंग) लावून पिक म्हणजे आडवे धागे मोजता येतात, वजन करून जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागचे ग्रॅम काढता येतात, सुताचा काउंट म्हणजे जाडी-बारीकपणा तपासून घेता येतो, पाइलची म्हणजे टॉवेलवरच्या फासांची उंची मोजता येते. विकत घेतलेला माल उलगडून शिकणं ही चोरी नाही. त्यामुळे "आमची विणच गुपित आहे" हा दावा टिकत नाही.

तयार मालात न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या. रिअ‍ॅक्टिव्ह रंगात मीठ कधी टाकायचं, सोडा किती हप्त्यांत सोडायचा, तापमान कोणत्या वेगाने चढवायचं, कोणत्या सुताला रंगाचं प्रमाण किती बदलायचं, पहिल्याच फेरीत शेड लागावी म्हणून मास्तरने सहा महिने घालवून काढलेल्या नोंदी. तसंच कॉस्टिंगची शीट, सूत कोणत्या अटींवर येतं, कोणत्या पार्टीला शेवटचा भाव किती, कोणती पार्टी पैसे उशिरा देते, पुढच्या हंगामासाठी कुणाशी बोलणी चालू आहेत. युनिफॉर्मच्या धंद्यात शाळानिहाय मापांचा आणि भावांचा तक्ता याच यादीत येतो. शेंगा चटणीवाल्याचं भाजण्याचं आणि कांडण्याचं प्रमाणही.

चादरीच्या डिझाइनची वाट मात्र निराळी. डिझाइन उघड दिसतं, म्हणून ते गुपित म्हणून जपता येत नाही. ते डिझाइन अधिनियम २००० खाली नोंदवावं लागतं. संरक्षण आधी १० वर्षं आणि नंतर आणखी ५ वर्षं वाढवता येतं. पण अर्ज पहिल्यांदा, कॅटलॉग नंतर. नमुना आधीच प्रदर्शनात मांडला किंवा पार्ट्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर नोंदणी धोक्यात येते. "चित्र आमच्या डिझायनरने काढलंय, कॉपीराइट आहेच" यावरही विसंबू नका. नोंदवता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता त्याचे ५० हून अधिक नग यंत्रावर काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये हे लिहिलेलं आहे आणि आपल्याकडे ५० नग एका पाळीत निघतात.

*सावध:* सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ते गावाच्या मालाचं नाव राखतं. तुमच्या कारखान्याचं डिझाइन किंवा रेसिपी त्याने राखली जात नाही.

*तपासणी:* यादी दहा-बारा ओळींची झाली का? चाळीस ओळी झाल्या असतील तर तुम्ही सगळ्यालाच गुप्त म्हटलंय, आणि मग कामगार कशालाच गुप्त मानत नाहीत. यादीत फक्त नावं लिहा, "नेव्ही ब्लू, बाथ टॉवेल, डाईंग क्रम" एवढंच. रेसिपी तिथे उतरवू नका.

टप्पा २: ते आज कुणाच्या हातात आहे ते पाहा

प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने आखा: कुठे ठेवलंय, कोण पाहतं, बाहेर कसं जाऊ शकतं. बहुतेक मालकांना धक्का बसतो तो याच पानावर. मास्तर आणि दिवाणजींचं नाव सगळ्यांना आठवतं. सुटतात ती पुढची माणसं.

संध्याकाळी दोन तास येणारा अकाउंटंट. तो चार कारखान्यांची टॅली बघतो आणि त्यातले दोन तुमच्याच मालात असतात. जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) डिझाइनं काढून देणारा, तोही अनेकांचा. बाहेरची डाईंग, जिथे गर्दीच्या दिवसांत तुमचा माल जातो आणि सोबत शेडची चिठ्ठी जाते. कॉम्प्युटर दुरुस्तीला येणारा मुलगा, ज्याच्याकडे सगळ्या मशीनचा एकच पासवर्ड असतो. आणि सेल्समन, ज्याच्या खासगी सिममध्ये तुमच्या सगळ्या पार्ट्यांचे नंबर असतात. तो गेला की फोन त्याच्याकडेच येत राहतात, त्याला काही चोरायचीही गरज पडत नाही.

घरचा माणूसही रकान्यात लिहा. भावाभावांचा किंवा चुलत्या-पुतण्याचा कारखाना वाटला जातो तेव्हा रेसिपीची वही कुणाची, यावरून घरं तुटलेली मी पाहिली आहेत. भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३६ वाचून घ्या. बाहेर पडलेला भागीदार स्पर्धेचा धंदा करू शकतो, पण वेगळा करार नसेल तर फर्मचं नाव वापरणं आणि जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन माल मागायला लावणं त्याला करता येत नाही. ठरावीक मुदत आणि ठरावीक हद्द घालून त्याच्या स्पर्धेवर बंधन घालता येतं, ते वाजवी असेल तर चालतं. नोकराच्या बाबतीत ही सवलत नाही. म्हणून हे कलम भागीदारीपत्रात सगळे एकत्र जेवत असतानाच घालून घ्या.

टप्पा ३: माहिती तोडा, मग कुलूप लावा

मालक आणि मास्तर सोडून कुणाकडेही संपूर्ण गुपित राहणार नाही अशी कामाची वाटणी करा. डाईंगमध्ये हे सहज जमतं. रंग तोलणाऱ्याला फक्त बॅच नंबर आणि वजनं द्या. त्याने पाकिटं भरून त्यावर १, २, ३ आकडे घालायचे. मशीनवरच्या माणसाला पाकीट कोणत्या क्रमाने, किती वेळाने टाकायचं तेवढंच माहीत असेल. दोन्ही बाजू मास्तर आणि मालक यांच्याकडेच राहतील.

*सावध:* गुप्तता म्हणून रसायनांच्या डब्यांवरचं मूळ लेबल किंवा धोक्याची खूण कधीही खरवडू नका. अपघातात डॉक्टरांना काय अंगावर पडलं ते कळलं पाहिजे. कोड लावायचा तो पाकिटावर.

पूर्ण रेसिपीची एक सीलबंद प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि दर तीन महिन्यांनी नवी ठेवा. मास्तर आजारी पडला तर तुमचं गुपित तुम्हालाच सापडत नाही, हेही मी पाहिलंय.

कॉम्प्युटरच्या बाजूला पाच कामं, याच क्रमाने:

१. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि पासवर्ड. पाचजणांनी एकच पासवर्ड वापरला तर काढून कुणी नेलं हे कधीच सिद्ध होत नाही.

२. टॅलीत प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी. कंपनी म्हणून नोंदलेल्या उद्योगांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणं सक्तीचं आहे. पण ही नोंद बदल कुणी केला ते सांगते. पार्ट्यांची यादी कुणी नुसती पाहिली किंवा एक्सेलमध्ये काढली, ते त्यातून कळेल असं धरू नका. म्हणून एक्स्पोर्ट आणि प्रिंटची परवानगी दोघांपुरतीच ठेवा.

३. कॉस्टिंगची फाइल दोन तुकड्यांत. सुताचा आणि मजुरीचा खर्च एका फाइलमध्ये, पार्टीचा भाव दुसऱ्या.

४. सिम आणि ईमेल कारखान्याच्या नावावर. सेल्समनला फोन द्या, नंबर तुमचा राहू द्या. पार्टीला पहिल्या दिवसापासून तोच नंबर कळवा.

५. जेकार्डपर्यंत डिझाइन नेणाऱ्या पेन ड्राइव्हवर नंबर टाका, तो रजिस्टरला सही करून द्या आणि पाळी संपली की परत घ्या. ऑफिसच्या बाकी कॉम्प्युटरचे पेन ड्राइव्हचे पोर्ट बंद करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून जेवायला जायची सवय मोडा.

*तपासणी:* एका संध्याकाळी स्वतः चोर व्हा. शिपायाच्या टेबलावर बसून पार्ट्यांची यादी मिळवायचा प्रयत्न करा. दहा मिनिटांत मिळाली तर टप्पा ३ पूर्ण झालेला नाही.

टप्पा ४: आता कागद

कागद चौथ्या टप्प्यावर येतो, कारण करारात काय लिहायचं ते आधीच्या तीन टप्प्यांतून ठरतं. "कंपनीची सर्व माहिती गोपनीय राहील" या एका ओळीवर कोर्टात फार काही उभं राहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स आणि सनडायल यांच्या वादात सांगितलं की दावा करणाऱ्याला आपली गोपनीय माहिती नेमकी कोणती ते दाखवावं लागतं, ती विश्वासाने दिली होती आणि परवानगीशिवाय वापरली गेली हेही. टप्पा १ मधली यादी तुम्हाला इथे उपयोगी पडते.

नियुक्तीपत्रात गुप्ततेचं कलम मराठीत लिहा. ज्याला तेलुगू किंवा कन्नड जास्त कळतं त्याला त्या भाषेत समजावून सांगा आणि तसं सांगितल्याची नोंद करून सही घ्या. जुन्या माणसांनाही सोडू नका. "अण्णा, वीस वर्षं झाली, आता सही मागताय?" असं कुणी म्हणेल. त्यांना स्पष्ट सांगा की ही सही सगळ्यांची आहे, माझ्या मुलाचीही. आणि मुलाची सही आधी घ्या.

सर्वांत मोठी चूक आता येते. "नोकरी सोडल्यावर तीन वर्षं सोलापुरात दुसऱ्या टॉवेल कारखान्यात काम करणार नाही" असं लिहून घेतात आणि निर्धास्त होतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ असा रोजगारबंदीचा करार नोकरी संपल्यानंतर मानत नाही. नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर निरंजन गोलिकरी आणि सेंच्युरी स्पिनिंग यांचा खटला आला. टायर कॉर्डचं सूत काढण्याचं प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून दुसऱ्या कंपनीत गेला होता. कराराची मुदत संपेपर्यंतचं बंधन न्यायालयाने वैध ठरवलं. म्हणून माणसाच्या पोटावर बंदी लिहू नका, माहितीच्या वापरावर लिहा. त्याचं कसब त्याचंच आहे, ते घेऊन तो जाणारच. तुमचा आकड्यांचा तक्ता तेवढा त्याने नेता कामा नये.

बाहेरच्यांशी वेगळे करार करा: डाईंग, अकाउंटंट, कॉम्प्युटरवाला, डिझायनर. डिझायनर पगारी नसेल तर चित्राचा कॉपीराइट लेखी हस्तांतरणाशिवाय साधारणपणे त्याच्याकडेच राहतो. बिलावरच "सर्व हक्क कारखान्याकडे" असं लिहून दोघांच्या सह्या घेण्यापेक्षा एक नीट हस्तांतरणपत्र वकिलाकडून करून घ्या.

*सावध:* मूळ शाळेचे दाखले, कोरे धनादेश, कोऱ्या कागदावरच्या सह्या घेऊ नका. पुढे कोर्टात तुमची बाजू त्यांनीच लंगडी होते, आणि माणसाशी असं वागणं मुळातच चूक आहे.

टप्पा ५: रोजची नजर

इथे फार लिहिण्यासारखं नाही. पाहुण्यांची वही ठेवा, डाईंग खात्यात आणि कॉस्टिंगच्या टेबलाजवळ बाहेरचा माणूस एकटा सोडू नका, फोटो काढू देऊ नका. दोन डाव मात्र कामगारांना सांगून ठेवा. एक, मुलाखतीला बोलावून नोकरी न देता तुमच्याच कारखान्याचे आकडे विचारून घेणं. दुसरा, मोठ्या ऑर्डरचं आमिष दाखवून "आधी सविस्तर कॉस्टिंग पाठवा" म्हणणारी नवी पार्टी. अशा पार्टीला भाव द्या, भावाची फोड देऊ नका.

माणसाचा खासगी मोबाइल हिसकावून बघायचा नाही. ते बेकायदा ठरू शकतं आणि कारखान्यातला विश्वास त्या दिवशी संपतो.

टप्पा ६: माणूस जातो तो दिवस

नोटीस मिळाली त्याच दिवशी त्याच्या परवानग्या शांतपणे कामापुरत्या आणा. शेवटच्या दिवशी असा क्रम ठेवा: सिम, पेन ड्राइव्ह, वह्या, शेडकार्डं आणि चाव्या यादीप्रमाणे परत घ्या. लॉगिन आणि ईमेल बंद करा. त्याच्याकडे कारखान्याची कोणतीही प्रत उरलेली नाही असं लेखी घ्या. गुप्ततेच्या कलमाची आठवण देणारं अर्ध्या पानाचं पत्र द्या. मग हिशेब पूर्ण करा आणि चहा पाजून निरोप द्या.

पगार, बोनस, ग्रॅच्युइटी अडवून धरू नका. एका कारखान्यात दोन महिन्यांचा पगार अडवला म्हणून चिडलेल्या माणसाने कॉस्टिंगची वही नेऊन दिली. मला ते त्यानेच नंतर सांगितलं. पैसे वेळेवर मिळाले असते तर तसं केलं नसतं असंही म्हणाला, आणि मला ते खरं वाटलं.

त्याच आठवड्यात त्याच्या पार्ट्यांना मालकाने स्वतः फोन करावा. नवा माणूस कोण, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी त्यांना तुमच्याकडून कळू द्या.

टप्पा ७: चोरीचा संशय आला तर पहिले तीन दिवस

पहिला दिवस: आरडाओरडा नाही, गेटवर नाव जाहीर करणं नाही. संशय चुकीचा निघाला तर बदनामीचा दावा तुमच्यावर येईल. त्याने वापरलेला कॉम्प्युटर बाजूला काढा, सील करा, कुणाला उघडू देऊ नका. "बघू तरी काय आहे त्यात" म्हणून कॉम्प्युटरवाल्याने फाइली चाळल्या की तारखा बदलतात आणि पुरावा मऊ पडतो. तो फॉरमॅट करून नव्या माणसाला दिला तर पुरावा संपलाच. कॅमेऱ्याचं चित्रण आपोआप पुसलं जातं, ते आधी उतरवून घ्या.

दुसरा दिवस: जाणकाराकडून डिस्कची प्रत काढून घ्या आणि तिचं हॅश मूल्य (डेटावरून निघणारा आकडा, डेटा बदलला की तोही बदलतो) लिहून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य नोंदवावं लागतं. याच दिवशी रजिस्टर, करार, परत केलेल्या वस्तूंची यादी एका फाइलमध्ये लावा आणि काय कधी कळलं ते तारखेनिशी लिहा.

तिसरा दिवस: वकील. दोन वाटा आहेत आणि दोन्ही एकदम चालवता येतात. दिवाणी कोर्टात माहितीच्या वापरावर मनाई मागता येते. तिथे उशीर नडतो, चार महिन्यांनी गेलात तर घाई कुठे होती असं कोर्ट विचारतं. दुसरी वाट पोलिसांची. परवानगीशिवाय डेटा काढून नेला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विश्वासाने सोपवलेली मालमत्ता लाटली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ पाहावं लागतं. कारखाना शहर पोलिसांच्या हद्दीत आहे की ग्रामीणच्या, यावरून परत पाठवलं तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा आधार घ्या. हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायची असते, तपास नंतर योग्य ठाण्याकडे जातो.

*सावध:* दाव्याच्या अर्जात पूर्ण रेसिपी जोडू नका. समोरच्याला ती तुमच्याच हाताने मिळेल. माहितीचं वर्णन अर्जात करा आणि तपशील सीलबंद पाकिटात देण्याची परवानगी कोर्टाकडे मागा.

तडजोडीची वेळ आली तर नुसत्या "पुन्हा असं करणार नाही" यावर मिटवू नका. काय काय नेलं, कुणाकुणाला दिलं, प्रती कुठे आहेत आणि त्या नष्ट केल्या, हे प्रतिज्ञापत्रावर घ्या. ज्या कारखान्याला माहिती मिळाली त्यालाही स्वतंत्र नोटीस द्या. बहुतेकदा खरा फायदा त्याचा झालेला असतो, आणि नोटीस मिळाल्यावर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर त्याच्याकडे उरत नाही.

तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी उरलेल्या कामगारांना एकत्र बसवून काय झालं ते दोन वाक्यांत सांगा, अफवा पसरायच्या आत. मग पाकिटांचे कोड आणि सगळे पासवर्ड बदला आणि लॉकरमध्ये रेसिपीची नवी प्रत ठेवा.